रिबन बंद करून सगळं कीबोर्डवर घ्यावं का? ऑटोकॅडमध्ये हात नुसता फिरत राहतो

रेघोटी_भोसरी

नमस्कार सगळ्यांना. मी आयटीआय ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलंय, चार वर्षं झाली काम करतेय, कन्व्हेयर आणि फॅब्रिकेशनची ड्रॉइंग, म्हणजे जीए (आख्ख्या मशीनची मांडणी), मग पार्ट ड्रॉइंग, मग बीओएम (लागणाऱ्या सामानाची यादी) असं सगळं ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर टूडीमध्ये. आधीच्या ठिकाणी लहान मॉनिटर होता आणि जुनं व्हर्जन, तिथे क्लासिक वर्कस्पेस म्हणजे स्क्रीनची जुनी मांडणी लावून बाजूला टूलबार उभे केलेले होते आणि माझा हात त्याला बसला होता. आता नवीन ऑफिसला आलेय, इथे नवं व्हर्जन आणि सत्तावीस इंची स्क्रीन, क्लासिक वर्कस्पेस त्यात नाहीच, मग रिबनवरच, म्हणजे वरच्या टॅब आणि बटणांच्या पट्टीवरच, काम चालू केलं.

तर झालंय असं की माझा माउस सतत खाली ड्रॉइंगवर, मग वर रिबनवर, परत खाली, परत वर असा चाललेला असतो. माप टाकायचं असेल तर कधी होम टॅब कधी अॅनोटेट टॅब, आणि एखाद्या ब्लॉकवर (एकदा काढून परत परत वापरायचं चित्र) किंवा हॅचवर (आत भरलेल्या रेघा) क्लिक केलं की वरची पट्टीच बदलते मग मी शोधत बसते की मघाशी होतं ते कुठे गेलं. संध्याकाळी मनगट दुखतं. शेजारी एक मुलगा बसतो त्याने रिबन पूर्ण बंद केलीय, स्क्रीनवर काळं मैदान आणि खाली कमांड टाइप करायची कमांड लाइन एवढंच, आणि त्याचा डावा हात कीबोर्डवर असा चालतो की बघत राहावं. पण आमचे सिनियर म्हणतात की ज्याने त्याने आपापले शॉर्टकट केले की उद्या कोणी कोणाच्या मशीनवर बसू शकत नाही, जसं येतं तसंच वापरा.

मला खरंच जाणून घ्यायचंय की याने किती फरक पडतो. महिनाभर स्लो होऊन नवीन सवय लावायची म्हणजे टार्गेट चुकणार, ते परवडेल इतका फायदा आहे का? आणि सुरुवात कुठून करू? शॉर्टकटच्या यादीचे फोटो खूप मिळतात, शंभर शंभर कमांड असतात त्यात, ते पाठ करून काही होत नाही हे मी करून बघितलंय.

शिरोळी_टूलरूम

ताई, मी १९९३ पासून या धंद्यात आहे, सुरुवात बोर्डावर झाली, ए झीरो शीट, मिनी ड्राफ्टर, रोट्रिंगची पेनं आणि अमोनिया प्रिंटचा वास. त्यानंतर जिथे लागलो तिथे ऑटोकॅड डॉसवर होतं आणि माउसच्या जागी टेबलावर डिजिटायझर टॅबलेट. आजच्या मुलांनी पाहिलेला नसेल म्हणून सांगतो. टॅबलेटवर एक छापील शीट चिकटवलेलं असायचं, त्यावर चौकोन चौकोन, प्रत्येक चौकोनात एक कमांड, मध्ये थोडी जागा स्क्रीनसाठी राखलेली. हातात माउससारखा पक असायचा, तो त्या चौकोनावर नेऊन बटण दाबलं की कमांड लागायची. सहा महिन्यांत माझी नजर स्क्रीनवरून खाली यायची बंद झाली. हात आपोआप जायचा, जसं स्वयंपाकघरात बाई न बघता मिठाचा डबा उचलते तसं.

हे का सांगतोय, तर तिथे चौकोनाची जागा कधीच बदलत नव्हती. तुमची अडचण मला तीच वाटते. रिबन नवीन माणसाला शिकायला फार चांगली आहे, सगळं नावासकट आणि चित्रासकट समोर दिसतं, मी आमच्या ट्रेनी पोरांना रिबनवरच बसवतो. पण ती हलते. टॅब बदलला की बदलते, एखादी वस्तू निवडली की वेगळी पट्टी येते, खिडकी लहान केली की चित्रं आक्रसून एका बटणात जातात. हाताला जागा पाठ होत नाही आणि मग डोळ्याने शोधावं लागतं. ऑटोकॅडमध्ये रिबन आली २००९ च्या व्हर्जनला, पुढची पाच सहा वर्षं क्लासिक वर्कस्पेस सोबत होता म्हणून कोणाला फार जाणवलं नाही, २०१५ च्या व्हर्जनपासून तो यादीतून गेला. तरी टूलबार अजून आहेत बरं का! मेन्यूबार टाइप करून त्या सेटिंगचा आकडा १ करा, वरचे जुने मेन्यू येतात, तिथून टूल्समध्ये टूलबार उघडून पाहिजे ते डाव्या कडेला उभे करा, रिबनक्लोज टाइप करून रिबन बंद करा आणि मग तो वर्कस्पेस स्वतःच्या नावाने सेव्ह करा. पंधरा मिनिटांचं काम. तुमचा हात ज्याला बसलाय ते परत मिळेल.

कीबोर्ड त्यानंतर हळूहळू घ्या. एकदम सगळं बदलायला जाऊ नका, टार्गेट चालू असताना तर मुळीच नको.

मोजमाप

मी सॉफ्टवेअरवाला आहे, कॅड रोज वापरत नाही, पण माणसाला एखादं काम करायला किती सेकंद लागतात हा माझ्या कामाचा भाग आहे म्हणून आकड्यात उत्तर देतो, "किती फरक पडतो" हे विचारलंय म्हणून.

१९८० साली कार्ड, मोरन आणि न्यूवेल या तिघांनी कीस्ट्रोक लेव्हल मॉडेल म्हणून एक साधा हिशोब मांडला. बऱ्यापैकी टाइप करणाऱ्याला एक की दाबायला साधारण ०.२८ सेकंद, माउसने एखाद्या ठिकाणी नेम धरायला सरासरी १.१ सेकंद, हात माउसवरून कीबोर्डवर न्यायला किंवा परत आणायला ०.४, आणि "आता काय करायचं, ते कुठेय" हा मनातला थांबा १.३५ सेकंद.

आता ऑफसेट घ्या, म्हणजे रेघेला समांतर दुसरी रेघ काढणारी कमांड. रिबनवरून: वर नेम १.१, क्लिक ०.२, खाली ड्रॉइंगवर परत नेम १.१, झाले २.४ सेकंद. डाव्या हाताने दोन की आणि स्पेस: ०.८४ सेकंद, आणि उजवा हात हललाच नाही, कर्सर जिथे होता तिथेच. फरक दीड सेकंद. पण योग्य टॅब उघडा नसेल तर एक नेम, एक क्लिक आणि एक मनातला थांबा असे अजून २.६५ सेकंद चढतात, म्हणजे रिबनवाली कमांड पाच सेकंदाला गेली.

दिवसाला समजा सहाशे कमांड दिल्या आणि प्रत्येकीत दीड सेकंद वाचला तर पंधरा मिनिटं वाचतात. मी मुद्दाम हा आकडा देतोय कारण शॉर्टकटने दुप्पट वेग होतो असं बरेच जण सांगतात, ते फक्त कमांड देण्याच्या वेळेचं खरं आहे, आख्ख्या कामाचं नाही. तुमचा बाकीचा दिवस विचार करण्यात, मापं तपासण्यात, साइटवरून आलेला फोटो समजून घेण्यात जातो. तरीही पाव तास रोज, वर सहाशे वेळा वरखाली जाणारं मनगट, आणि शोधताना तुटणारा विचार. विचार तुटण्याचा हिशोब सेकंदात येत नाही पण तोच मला सगळ्यात महाग वाटतो, डोक्यात चार मापं धरलेली असतात आणि बटण शोधता शोधता त्यातलं एक निसटतं.

काकांनी जागेचं जे सांगितलं ते अगदी बरोबर आहे. फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान तितका नेम धरायला वेळ जास्त. सत्तावीस इंचावर रिबन लांब गेली आणि बटण तेवढंच राहिलं. तुमची स्क्रीन मोठी झाली तेव्हाच त्रास सुरू झाला हा योगायोग नाहीये.

चाकण_शीटमेटल

मी सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरवर असतो, प्रेस टूल आणि शीटमेटल, म्हणून थोडं वेगळं सांगतो कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कमांड लाइनच नसते मग तिथे हाच प्रश्न लोकांनी वेगळ्या वाटेने सोडवलाय, मेन्यू हाताजवळ आणून. कीबोर्डवर एस दाबला की कर्सरच्या शेजारीच छोटी पट्टी उघडते आणि ती पट्टी स्केचमध्ये वेगळी, पार्टमध्ये वेगळी, असेंब्लीत वेगळी, ड्रॉइंगमध्ये वेगळी, प्रत्येकात आपल्याला हवं ते भरता येतं. दुसरं माउस जेश्चर, उजवं बटण दाबून धरून एका दिशेला ओढलं की कमांड लागते, वर ओढलं की स्मार्ट डायमेन्शन, म्हणजे माप टाकायची कमांड, असं मी लावलंय. सुरुवातीला चारच दिशा ठेवा असं सगळ्यांना सांगतो, बारापर्यंत ठेवता येतात पण बारा दिशा हाताला कळायला खूप वेळ जातो, चार आठवडाभरात बसतात. आणि तिसरं ज्याने माझं मनगट वाचलं ते म्हणजे डी की, फीचर करताना ओके कॅन्सलचं चिन्ह कोपऱ्यात असतं ते डी दाबल्यावर कर्सरपाशी येतं. नुसता हिरव्या टिकसाठी दिवसात किती वेळा कोपऱ्यात जायचो ते तेव्हा कळलं.

ऑटोकॅडमध्ये याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे राइट क्लिक. ऑप्शन्समध्ये युजर प्रेफरन्सेस, तिथे राइट क्लिक कस्टमायझेशन, त्यात वेळेवर चालणारा राइट क्लिक चालू करा. पटकन क्लिक केलं तर एंटर, जरा दाबून धरलं तर मेन्यू. मुळात २५० मिलिसेकंद असतं, मला ते बरोबर वाटतं. कमांड संपवायला आणि मागची कमांड परत लावायला उजवं बोटच पुरतं, अंगठ्याने स्पेस आहेच.

ठाणे_वास्तू

मी आर्किटेक्ट, आमच्या ऑफिसात नऊ जण. सिनियरच्या बाजूने बोलते कारण रेघोटी ताईने तो मुद्दा मांडलाय आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आमच्याकडे एकाने सी म्हणजे कॉपी करून ठेवलं होतं, मुळात सी म्हणजे सर्कल. तो आठवडाभर रजेवर गेला आणि त्याच्या मशीनवर इंटर्न बसली, सबमिशनचा दिवस, ती वर्तुळ काढायला सी दाबतेय आणि कॉपी लागतेय, तिला वाटलं फाइल बिघडली, तिने सगळं बंद करून सॉफ्टवेअर परत टाकायला घेतलं. दोन तास गेले.

त्यानंतर आम्ही नियम केला, मूळ उपनावांना, म्हणजे कमांडसाठी टाइप करायच्या छोट्या अक्षरांना, हात लावायचा नाही. एल लाइनच, सी सर्कलच, टीआर ट्रिमच. नवीन काही हवं तर नवीन अक्षरं घ्यायची, आणि ती सगळ्यांसाठी एकच. उपनावं सगळी एकॅड डॉट पीजीपी या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात, एका ओळीत उपनाव, स्वल्पविराम, मग चांदणी लावून कमांडचं नाव. ती फाइल सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवली आणि प्रत्येक मशीनच्या ऑप्शन्समध्ये सपोर्ट फाइल सर्च पाथमध्ये तो फोल्डर सगळ्यात वर टाकला. आता कोणीही कुठेही बसलं तरी तेच. बदल केला की रीइनिट कमांड देऊन पीजीपीवर टिक करायची, सॉफ्टवेअर बंद करून उघडायची गरज पडत नाही. हे सिनियरना दाखवा, त्यांची भीती खरी आहे पण त्यावर उपायही आहे.

अजून एक. आमच्यातला एक जण दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं कॅड घरी वापरतो, तिथेही असाच उपनावांचा फाइल असतो, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही. रिबन मात्र प्रत्येकाची वेगळी.

डावखुरा_नाशिक

एक गोष्ट कोणी बोललं नाही. मूळ उपनावं इंग्रजी नावाच्या पहिल्या अक्षरावरून केलीत, हात बघून नाही. लाइनचा एल, मूव्हचा एम, ऑफसेटचा ओ, मिररचा एमआय, जॉइनचा जे, हॅचचा एच, हे सगळे कीबोर्डच्या उजव्या अर्ध्यात आहेत. उजव्या हातात माउस असलेल्या माणसाला त्यासाठी एक तर माउस सोडावा लागतो नाहीतर डावा हात पूर्ण ओलांडून न्यावा लागतो. मी माउस डाव्या हाताने धरतो म्हणून मला हे लक्षात आलं, माझा उजवा हात मोकळा आणि एल, एम, ओ माझ्या बोटाखाली, मला उलट ट्रिम, इरेज, स्ट्रेच लांब पडतात.

त्यामुळे ताई तुम्ही उजव्या असाल तर जी पाच सहा कमांड सारखी लागते आणि उजवीकडे आहे तेवढीच डावीकडे आणा. एकच अक्षर दोनदा दाबायचं असं केलं तर बोट हलवावं लागत नाही आणि मूळ उपनावांना धक्काही लागत नाही, म्हणजे ठाण्याच्या ताईंचा नियम पाळला जातो. फक्त एए घेऊ नका, ते आधीच एरियाला दिलेलं आहे. बाकी घेण्याआधी फाइलमध्ये शोधून बघा.

शिरोळी_टूलरूम

डावखुरा, छान मुद्दा काढलात. एक जुनी गोष्ट यावरून आठवली. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड केलं, कॅडचा मूळपुरुष म्हणतात त्याला. त्यात एका हातात लाइट पेन, ते स्क्रीनवर टेकवून रेघ ओढायची, आणि दुसऱ्या हाताशी बटणांची पेटी, रेघ, वर्तुळ, हलवा हे बटणांनी सांगायचं. म्हणजे एका हाताने जागा दाखवायची आणि दुसऱ्याने काय करायचं ते सांगायचं, ही वाटणी अगदी पहिल्या दिवसापासून होती. बोर्डावरही तेच होतं की, डाव्या हाताने ड्राफ्टर धरायचा आणि उजव्याने रेघ. माउसने एकाच हातावर दोन्ही कामं टाकली आणि डावा हात मांडीवर बसला. तुमच्या शेजारचा मुलगा जे करतो ते म्हणजे डाव्या हाताला त्याचं काम परत दिलंय.

मोजमाप

सुरुवात कुठून करायची यावर, यादी पाठ करू नका, स्वतःची यादी काढा. ऑटोकॅडमध्ये लॉगफाइलऑन नावाची कमांड आहे असं एका कॅडवाल्या मित्राने दाखवलं होतं, ती दिली की कमांड लाइनवर जे जे येतं ते सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये साठत जातं, फाइल कुठे साठते ते ऑप्शन्सच्या फाइल्स टॅबमध्ये दिसतं. तीन दिवस चालू ठेवा, मग लॉगफाइलऑफ. आणि यात एक मजेशीर खूण आहे, रिबनवरून किंवा टूलबारवरून दिलेल्या कमांडच्या नावाआधी अंडरस्कोर येतो, टाइप केलेलीच्या आधी येत नाही. म्हणजे कुठली कमांड किती वेळा आणि त्यातली किती माउसने हे दोन्ही मोजता येतं. एक्सेलमध्ये टाकून गाळलं की झालं. वरच्या आठ दहा कमांडमध्येच बहुतेक दिवस संपतो असं दिसेल, शिकायचं तेवढंच.

दुसरं, जे शॉर्टकटहून मोठं आहे. भावनानी आणि जॉन या दोन अभ्यासकांनी २००० च्या आसपास अनुभवी कॅड वापरणाऱ्यांचं काम बारकाईने पाहिलं होतं. त्यांना आढळलं की वर्षानुवर्षं काम केलेली, सगळ्या कमांड येणारी माणसंसुद्धा काम कमी कष्टात होईल अशा क्रमाने करत नाहीत. उदाहरणार्थ एक वस्तू पूर्ण तपशिलासकट काढून मग तिच्या कॉप्या करण्याऐवजी अर्धवट वस्तूच्या कॉप्या करून प्रत्येकीत तपशील वेगवेगळा भरत बसतात. कमांड माहीत असणं वेगळं आणि कुठल्या क्रमाने लावायची ते माहीत असणं वेगळं, आणि दुसरं आपोआप येत नाही, कोणी तरी दाखवावं लागतं. तेव्हा लॉग बघताना एकच कमांड ओळीने वीस तीस वेळा लागलीय का तेही बघा. तिथे सेकंद नाही, तास सापडतात.

चाकण_शीटमेटल

लॉगची आयडिया भारी आहे. त्यात अजून एक बघा, ट्रिम. २०२१ च्या व्हर्जनपासून ट्रिम क्विक मोडमध्ये येतो, कटिंग एज (जिथपर्यंत कापायचं ती रेघ) निवडायची गरज नाही, टीआर स्पेस आणि थेट नको असलेल्या तुकड्यावर क्लिक. जुन्यातून आलेल्यांना टीआर स्पेस स्पेस अशी सवय असते आणि आता दुसऱ्या स्पेसला कमांड संपते, मग वाटतं ट्रिम चालत नाही. जुनी पद्धतच हवी असेल तर ट्रिमएक्सटेंडमोड शून्य करा, पण मी म्हणेन नवी सवय लावा, दर ट्रिमला एक स्पेस वाचते.

आणि चाकावर डबल क्लिक केलं की आख्खं ड्रॉइंग स्क्रीनवर बसतं हे माहीत नसेल तर आजच करून बघा, झूम एक्स्टेंट्ससाठी कित्येक लोक अजून टाइप करतात.

रेघोटी_भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि उशिरा लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं. तीन आठवडे झाले.

आधी लॉग काढला, तीन दिवसांचा. ऑफसेट, ट्रिम, कॉपी, मूव्ह, लिनियर डायमेन्शन, मॅच प्रॉपर्टीज आणि इरेज, या सात कमांडमध्ये माझं बहुतेक काम होतं आणि त्यातल्या इरेज सोडून बाकी जवळपास सगळ्यांच्या आधी अंडरस्कोर होता, म्हणजे मी वरच जात होते. सात कमांड बघून मला फार हलकं वाटलं, शंभरची यादी डोक्यावरून उतरली. त्यातल्या ट्रिम आणि मॅच प्रॉपर्टीजला मूळचंच उपनाव ठेवलं, टीआर आणि एमए, एमए जरा लांब पडतं पण चालतंय. कॉपी, मूव्ह, ऑफसेट आणि माप टाकणं यांना दोन दोन अक्षरांची डाव्या हाताची नावं दिली, सीसी, व्हीव्ही अशी. पहिल्या आठवड्यात रोज एकच नवीन घेतलं आणि त्या कमांडसाठी रिबनला हात लावायचा नाही असं स्वतःशी ठरवलं, बाकीच्यांसाठी हवी तेवढी रिबन वापरायची. असं केल्यामुळे स्लो झाले ते फक्त पहिले तीन चार दिवस, आणि तेही फार नाही, टार्गेट चुकलं नाही.

रिबन पूर्ण बंद नाही केली. टॅबवर डबल क्लिक करून ती मिटवून ठेवलीय, कधीतरी लागणाऱ्या गोष्टी तिथूनच घेते, लेआउट व्ह्यूपोर्ट वगैरे, आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे लेयर आणि प्रॉपर्टीजचा टूलबार डाव्या कडेला कायमचा उभा. राइट क्लिकचं पण लावलं, त्याला हात बसायला दोन दिवस लागले पण आता त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या मशीनवर बसवत नाही.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते लॉगमधल्या दुसऱ्या गोष्टीने. एका दुपारी एकाच ड्रॉइंगमध्ये कॉपी, स्ट्रेच, मूव्ह, फिलेट, परत कॉपी, स्ट्रेच, मूव्ह, फिलेट असा पट्टा दिसला, बघितलं तर ती गसेट प्लेट होती, म्हणजे सांध्याला बळकटी देणारी प्लेट. एका कन्व्हेयरच्या स्ट्रक्चरवर चौदा गसेट, तीन साइजचे, आणि मी प्रत्येक वेळी आधीची कॉपी करून ताणून, भोकं हलवून, कोपरे परत मारून काढत होते, चार वर्षं अशीच काढत आलेय. शनिवारी थांबून त्याचा डायनॅमिक ब्लॉक, म्हणजे माप बदलता येणारा ब्लॉक, केला, लांबी उंची ओढली की भोकं आपोआप कडेपासून ठरलेल्या अंतरावर राहतात. आता गसेट म्हणजे एक इन्सर्ट आणि दोन मापं. मागच्या कामात अर्धा दिवस गेला होता त्या शीटला या वेळी जेवणाआधी झाली. यात शॉर्टकटचा वाटा किती आणि ब्लॉकचा किती तर ब्लॉकचाच जास्त, हे मोजमाप सरांनी सांगितलं होतं तेव्हा मला एवढं पटलं नव्हतं.

सिनियरना ठाण्याच्या ताईंचा उपाय सांगितला. आधी नको म्हणाले, मग लॉग दाखवला, त्यांनी स्वतःच्या मशीनवर पण दोन दिवस लावून बघितला. आता ऑफिसची एक पीजीपी सर्व्हरवर आहे, मूळ नावं तशीच आणि खाली आमची नऊ जास्तीची, शेजारच्या मुलाने स्वतःची बरीचशी नावं सोडून ही घेतली याचं मला फार कौतुक वाटलं. ब्लॉकसाठी कंट्रोल तीनने उघडणारी टूल पॅलेट, म्हणजे जिथून ब्लॉक ओढून घेता येतात ती पट्टी, करायचं ठरलंय, त्यात गसेट, बेअरिंग, रोलर ब्रॅकेट सगळं घालायचंय.

मनगट बरंच कमी दुखतं पण पूर्ण गेलं नाहीये, त्यासाठी डॉक्टरांना दाखवणार आहे, ते नुसत्या सॉफ्टवेअरवर सोडत नाही.

एक विचारायचं होतं, टूल पॅलेट पण सर्व्हरवर एकच ठेवता येते का, आणि कोणी चुकून त्यातलं काही उडवू नये यासाठी काय करता तुम्ही लोक?

ठाणे_वास्तू

येते ताई. ऑप्शन्समध्ये फाइल्स टॅब, तिथे टूल पॅलेट्स फाइल लोकेशन्स, त्यात सर्व्हरचा पाथ द्यायचा. आणि तो फोल्डर विंडोजमधूनच बाकीच्यांना रीड ओन्ली करून टाका, बदल करायचा हक्क एकाकडे ठेवा, आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी सगळे आपापले नवीन ब्लॉक तिच्याकडे देतात आणि ती तपासून घालते. पॅलेटवर ब्लॉक ओढण्याआधी ज्या फाइलमध्ये ते ब्लॉक आहेत ती पण त्याच सर्व्हरवर ठेवा आणि मग जागा बदलू नका, कारण पॅलेटवर नुसतं चित्र आणि पत्ता असतो, फाइल हलवली की ब्लॉक सापडत नाही. गसेटपासूनच सुरू करा, नऊ दहा ब्लॉक झाले की मग बाकीचे.